स्तनपानाचा सल्ला : प्रशिक्षण झाले, सराव कोण देणार?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर साधारण ५० किलोमीटरवर पाचोड लागते. पैठण तालुक्यातले हे गाव मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. आसपासच्या खेड्यांतील बाळंतिणींसाठी ग्रामीण रुग्णालय इथेच आहे. गुंतागुंत वाढली, तर पुढचा रस्ता संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयाकडे जातो. मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही गावात वारंवार दिसणारे एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झाले. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली, बोंडाला चिरा पडल्या. बाळ तोंड लावते, दोन-चार वेळा चोखते, सोडते आणि रडते. घरातली वडीलधारी बाई म्हणते, ‘हिला दूध पुरत नाही.’ संध्याकाळपर्यंत दुधाच्या पावडरीचा डबा घरात आलेला असतो.

याच आठवड्यात आशाताई घरी येतात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, हा संदेश त्यांना तोंडपाठ आहे आणि तो योग्यही आहे. पण त्या क्षणी त्या घराला संदेश नको असतो. बाळाला कसे धरायचे, त्याचे तोंड किती उघडले की छातीला लावायचे, घट्ट झालेली छाती हाताने दूध काढून कशी मोकळी करायची, हे समोर बसून करून दाखवणारे कोणीतरी हवे असते. आशाताईंनी हे प्रशिक्षणात ऐकलेले असते, कदाचित पडद्यावर पाहिलेलेही असते. पण जाणत्या व्यक्तीच्या नजरेखाली खऱ्या आईबरोबर त्यांनी ते किती वेळा केलेले असते?

दर वर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह साजरा होतो. फलक लागतात, व्याख्याने होतात, शपथा घेतल्या जातात. २०२५च्या सप्ताहाचा विषय स्तनपानाला आधार देणाऱ्या टिकाऊ व्यवस्था हा होता. व्यवस्था म्हटले की इमारत, कक्ष, साहित्य यांची चर्चा होते. आधार देणारी माणसे कशी घडतात, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

दूध उतरते तेव्हा आई घरी असते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत होतात. जन्मानंतर पहिल्या तासात छातीला लावलेल्या बालकांचे प्रमाण मात्र ५३ टक्क्यांच्या आसपास आहे. सहा महिन्यांच्या आतील सुमारे ७१ टक्के बालके फक्त आईच्या दुधावर होती. देशाच्या सरासरीपेक्षा हे आकडे बरे आहेत, पण त्यातला विरोधाभास नजरेआड करता येत नाही. जवळपास प्रत्येक बाळ डॉक्टर आणि परिचारिकांच्या हाती जन्मते, तरीही जवळपास निम्म्या बाळांचा पहिला तास आईच्या छातीशिवाय जातो. म्हणजे दवाखान्यापर्यंत पोहोचणे हा आता मुख्य अडथळा उरलेला नाही. दवाखान्यात कोणते कौशल्य उपलब्ध आहे, हा खरा प्रश्न आहे. राज्यात जवळपास चारपैकी एक बाळंतपण सिझेरियनने होते. पोटावर टाके असलेल्या आईला बाळ कुशीत घेण्यासाठी अधिक आणि वेगळी मदत लागते.

दुसरी अडचण वेळेची आहे. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन दिवस छातीतून चीक येतो. तो प्रमाणाने थोडा आणि बाळासाठी पुरेसा असतो. भरपूर दूध साधारणपणे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरते. छाती भरून येणे, गाठी होणे, बोंडाला चिरा पडणे, बाळाने छाती न धरणे या अडचणी याच काळात डोके वर काढतात. साधे बाळंतपण झालेली बाई तोवर घरी पोहोचलेली असते. दवाखान्यातली परिचारिका मागे राहते आणि घरी येणारी व्यक्ती असते आशा स्वयंसेविका. त्यातही बाळंतपण माहेरी झालेले असेल, तर गरोदरपणात सासरच्या गावातील आशाशी जुळलेले नाते तुटते आणि नवी आशा नव्या घरात पाऊल टाकते.

नवजात बालकाच्या गृहभेटींचे वेळापत्रक याच गरजेतून आखलेले आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या सगळ्या भेटींसाठी मिळून २५० रुपये मोबदला ठरलेला आहे. भेटींचे दिवस अचूक निवडले आहेत. त्या भेटीत हात कसे चालवायचे, हे आशांना शिकवण्याची तजवीज तितकी पक्की नाही.

हे हाताचे कौशल्य आहे

स्तनपान नैसर्गिक आहे, म्हणून ते आपोआप जमते, असा समज आहे. बहुतेक आयांना थोड्या आधाराने ते जमतेही. मात्र अडते तेव्हा कारण बहुधा एकच असते : बाळाने फक्त बोंड तोंडात धरलेले असते. नीट पकडीत बाळाचे तोंड मोठे उघडलेले असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी छातीला टेकलेली असते आणि बोंडाभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा हिस्सा, विशेषतः खालचा, बाळाच्या तोंडात असतो. पकड उथळ असेल तर आईला दुखते आणि बाळाला दूध कमी मिळते. छाती पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून शरीर दूध बनवणे कमी करते. मग ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य खरे ठरू लागते. वरचे दूध सुरू झाले की बाळ छातीला आणखी कमी लागते आणि दूध आणखी आटते. अनेक घरांत दुधाची ‘कमतरता’ अशी तयार होते.

हे चक्र तोडणारी मदत दहा-पंधरा मिनिटांची असू शकते. आईची पाठ टेकवणे, बाळाचे पोट आईच्या पोटाला लावणे, मान वाकडी होऊ न देता पूर्ण शरीराला आधार देणे, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबणे आणि मग बाळाला छातीकडे आणणे, एवढेच करायचे असते. पण कधी थांबायचे, आईच्या छातीला स्वतः हात न लावता तिच्याच हातून ते कसे करवून घ्यायचे, दमलेल्या आईशी काय बोलायचे, सासूबाईंना न दुखावता पावडरीचा डबा बाजूला कसा ठेवायचा, हे पुस्तकात वाचून येत नाही. बाळाची लघवी, वजन आणि सुस्ती पाहून ‘हे प्रकरण माझ्या आवाक्यातले नाही, दवाखान्यात न्यायला हवे’ हे ओळखणेही असेच अनुभवाने येते. चुकीचा धीर दिल्याने बाळ कोरडे पडू शकते. उगाच घाबरवल्याने चांगले चाललेले स्तनपान सुटू शकते. सल्ला देणारी व्यक्ती अर्धवट शिकलेली असेल, तर त्याची किंमत बाळ मोजते.

जगभरात हा व्यवसाय कसा शिकवला जातो

स्तनपान सल्लागार हा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेला व्यवसाय आहे. त्याची परीक्षा घेणारे मंडळ १९८५ साली स्थापन झाले. ‘आयबीसीएलसी’ ही पदवी लावण्यासाठी या मंडळाचे तीन मार्ग आहेत. तिन्ही मार्गांत आरोग्यशास्त्राचे मूलभूत विषय आणि ९५ तासांचे स्तनपान व संवादाचे शिक्षण समान आहे. फरक प्रत्यक्ष कामाच्या तासांत आहे. डॉक्टर, परिचारिका यांसारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठी १,००० तासांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून येणाऱ्यांना थेट देखरेखीखाली किमान ३०० तास काम करावे लागते. अनुभवी सल्लागाराकडे उमेदवारी करणाऱ्यांसाठी ५०० तास आहेत आणि तेही थेट देखरेखीखालचे.

या आकड्यांमागचा तर्क समजून घेण्यासारखा आहे. जाणती व्यक्ती शेजारी बसून पाहत असेल, तर कमी तास पुरतात. कोणी पाहणारे नसेल, तर कित्येक पट तास मागितले जातात. म्हणजे या व्यवसायाने देखरेखीचे मोल आकड्यांत मांडलेले आहे. उमेदवारीची पद्धत आपल्याकडच्या कोणत्याही कारागिरीसारखीच असते. आधी फक्त पाहायचे, मग गुरूच्या नजरेखाली स्वतः करायचे, मग स्वतंत्रपणे करून संध्याकाळी प्रत्येक प्रकरणाचा हिशेब द्यायचा. प्रमाणपत्रही कायमचे नसते. दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

पाचोडच्या दृष्टीने मात्र हा मार्ग दूरचा आहे. परीक्षा मराठीत होत नाही, शुल्क परदेशी चलनाच्या हिशेबाने ठरते आणि देखरेख करू शकणारे सल्लागार बहुतांशी मोठ्या शहरांत, खासगी प्रसूतिगृहांच्या आसपास असतात. रोज चार तास धरले तरी ५०० तास म्हणजे १२५ दिवस. घर, शेत आणि नोकरी सांभाळणाऱ्या ग्रामीण परिचारिकेने एवढे दिवस मुंबई-पुण्यात विनावेतन कसे काढायचे? दुसरीकडे, काही तासांच्या ऑनलाइन वर्गानंतर मिळणारी प्रमाणपत्रेही आता सर्वत्र दिसतात. काहींमधले शिक्षण चांगले असेल, पण खाटेजवळचा सराव त्यांत नसतो. आईला मात्र भिंतीवरच्या चौकटीतला फरक कळत नाही.

सरकारी प्रशिक्षणाची मेख

सरकारी यंत्रणेने या विषयाकडे दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१६मध्ये ‘माँ’ कार्यक्रम सुरू केला. २०१७मध्ये सरकारी रुग्णालयांतील दुग्ध व्यवस्थापन केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. मातृदुग्ध पेढीबरोबरच आईला थेट मदत करणारे कर्मचारी असावेत, हे त्यांत मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा ४० तासांचा समुपदेशन अभ्यासक्रम तर १९९३पासून उपलब्ध आहे. त्यातले आठ तास प्रत्यक्ष माता-बालकांबरोबरच्या सरावासाठी राखून ठेवलेले आहेत.

अडचण अंमलबजावणीच्या मोजमापात आहे. किती जणींनी प्रशिक्षण घेतले, हे मोजणे सोपे असते, म्हणून तेच मोजले जाते. हजेरीपट, छायाचित्र, प्रमाणपत्र एवढ्यावर उद्दिष्ट पूर्ण होते. प्रशिक्षण संपल्यावर तिसऱ्या महिन्यात ती परिचारिका आईला कशी मदत करते, हे पाहायला कोणी जात नाही.

जागतिक पातळीवर ही चूक उघडपणे मान्य झाली आहे. बालस्नेही रुग्णालयांसाठीच्या ‘दहा पायऱ्या’ २०१८मध्ये सुधारल्या गेल्या. पूर्वी सर्व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, असा भर होता. आता कर्मचाऱ्यांकडे ज्ञान, क्षमता आणि कौशल्य आहे याची खात्री करावी, असे म्हटले आहे. २०२०मध्ये ही क्षमता तपासण्यासाठी स्वतंत्र साधनसंचही प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष काम करताना निरीक्षण करण्यावर भर आहे. किती तास वर्गात बसलात, याऐवजी आईसमोर काय करता येते, हे पाहायचे असा हा बदल आहे. आपल्या तालुका पातळीवर तो अजून पुरता उतरलेला नाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही

गंमत अशी की, देखरेखीखाली शिकण्याची उत्तम उदाहरणे याच राज्यात घडली आहेत. १९८०च्या दशकात मुंबईच्या शीव रुग्णालयात नवजात बालकांना जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पावडरचे दूध आणि बाटली हटवून आईच्या दुधावर भर दिला. १९८९मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी राहिली. ते ज्ञान वॉर्डात, आजारी बाळांच्या आणि थकलेल्या आयांच्या शेजारी उभे राहून मिळवलेले होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण दिले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या प्रयोगाची चर्चा होते तेव्हा इंजेक्शन, उबेची पिशवी आणि गृहभेटी आठवतात. त्यातला एक घटक मात्र कमी बोलला जातो : डॉक्टर दर १५ दिवसांनी प्रत्येक गावात जाऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत आणि चुका दुरुस्त करीत असत. २०११मध्ये ही कल्पना देशभर नेण्यात आली, तेव्हा गृहभेटी आल्या, तक्ते आले. दर पंधरवड्याची ती बारकाईची देखरेख मात्र तेवढ्याच ताकदीने आली नाही.

अलीकडच्या काळात आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाच्या आरोग्यविषयक मालिकेत बालरोगतज्ज्ञ आणि स्तनपान सल्लागार डॉ. रूपल दलाल यांनी बाळाला धरण्याच्या आणि पकडीच्या पद्धती टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या ध्वनिचित्रफिती तयार केल्या. त्या मराठीतही उपलब्ध आहेत. भाषेचा अडसर दूर करणारे हे मोठे काम आहे. पाचोडची आशा तिच्या फोनवर उत्तम धडा पाहू शकते. पोहण्याचा धडा पाहून पाण्यात उतरणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी असावे लागते, तशी गरज मात्र त्यानंतरही उरतेच.

खुद्द पाचोडकडेही सांगण्यासारखे आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या नेतृत्वाखाली इथली ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ अनेक दशके ग्रामीण आरोग्यात काम करीत आहे. किशोरवयीन मुलींसाठी संस्थेने गावोगाव वर्षभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. शिकवणाऱ्या स्त्रिया गावातल्याच होत्या. त्यांच्यासाठी किमान सातवीपर्यंतच्या शिक्षणाची अट होती. त्या भागात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेल्याचे मूल्यमापनात आढळले. हा उपक्रम स्तनपानाचा नव्हता. पण कमी वयात लग्न, त्यापाठोपाठ पहिले बाळंतपण आणि कमी वजनाचे बाळ ही साखळी स्तनपानाच्या अडचणींशी थेट जोडलेली आहे. कमी वजनाचे बाळ छातीवर लवकर दमते आणि कोवळ्या वयाच्या आईचे घरात फारसे चालत नाही. शिवाय या अनुभवाने एक गोष्ट दाखवली : थोडे शिकलेली गावातली बाई अवघड विषय नीट शिकवू शकते, तिला नियमित आधार मात्र लागतो.

सीमेपलीकडचा ढाक्याचा अनुभवही हेच सांगतो. २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात वस्तीतल्याच मातांना ४० तासांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले गेले. त्यांनी प्रत्येक आईच्या घरी गरोदरपणापासून सुमारे १५ भेटी दिल्या. पाच महिन्यांच्या वयाला त्या गटातली ७० टक्के बाळे फक्त आईच्या दुधावर होती. भेटी न मिळालेल्या गटात हे प्रमाण सहा टक्के होते. त्या समुपदेशकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. प्रशिक्षण, वारंवार भेटी आणि पाठीशी उभी असलेली देखरेख एवढेच होते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप मनुष्यबळाचा आहे आणि तो खरा आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एखाद-दुसरी परिचारिका प्रसूतिगृह, वॉर्ड आणि तातडीचे रुग्ण सांभाळते. आशांकडे आधीच सर्वेक्षणांपासून लसीकरणापर्यंत कामांचा डोंगर आहे आणि मोबदल्यासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले आहे. त्यांच्या डोक्यावर आणखी एक नोंदवही ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. देखरेखीचा तास हा कामाचा तास मानून त्याचे पैसे दिले, तरच ही गोष्ट टिकेल.

दुसरा आक्षेप घराघरातून येतो : ‘आमच्या आयांना कुठे सल्लागार होते?’ त्यांना होते. आई, आजी, सुईण, शेजारची चार लेकरांची माय, या सगळ्या जवळ बसूनच शिकवत होत्या. देखरेखीखाली शिकण्याची ती घरगुती पद्धतच होती. तिच्यात चीक पिळून टाकणे, मध चाटवणे, गुटी देणे असे घातक भागही होते. आता कुटुंबे लहान झाली, बाळंतपण दवाखान्यात गेले, बाटलीवर वाढलेल्या पिढीकडे सांगण्यासारखा अनुभव कमी राहिला. जुनी शाळा बंद पडली असेल तर तिच्या जागी दुसरी उघडावी लागते.

तिसरा मुद्दा पैशांचा आणि हितसंबंधांचा आहे. बालकांच्या कृत्रिम दुधाबाबतचा १९९२चा कायदा आणि २००३ची दुरुस्ती यांनुसार या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे, परिषदा किंवा शिष्यवृत्त्या पुरस्कृत करता येत नाहीत. हे बंधन आवश्यकच आहे. त्याचा अर्थ असा की, हा खर्च सार्वजनिक निधीतूनच करावा लागेल. डबा विकणाऱ्याकडे विक्रीचे जाळे आहे. आईच्या दुधातून कोणाला नफा होत नाही, म्हणून ते शिकवणाऱ्यांवर खर्च करायला कोणी आपणहून पुढे येत नाही.

तालुक्याच्या पातळीवर काय करता येईल

सर्वांना आंतरराष्ट्रीय पदवी मिळावी, अशी अपेक्षा अवास्तव आहे आणि अनावश्यकही. तीन पायऱ्यांची रचना पुरेशी ठरू शकते. पहिल्या पायरीवर आशा आणि अंगणवाडी सेविका असतील. पकड तपासणे, हाताने दूध काढायला शिकवणे, धोक्याची लक्षणे ओळखणे एवढे त्यांना पक्के यायला हवे. दुसऱ्या पायरीवर ग्रामीण रुग्णालयातली एक अनुभवी परिचारिका मार्गदर्शक म्हणून असेल. गाठी, चिरा, कमी वजन, सिझेरियननंतरच्या अडचणी ती हाताळेल. तिसऱ्या पायरीवर जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय असेल. तिथे बालरोगतज्ज्ञ आणि पूर्णवेळ स्तनपान सल्लागार गुंतागुंतीची प्रकरणे पाहतील आणि खालच्या पायरीच्या मार्गदर्शकांना घडवतील.

या रचनेत बहुतेक माणसे आधीच आहेत. एका गटप्रवर्तकाकडे साधारण २० आशा असतात. गटप्रवर्तक प्रत्येक आशाबरोबर महिन्यातून एका नवजात बालकाच्या घरी गेली, तर महिन्याला २० भेटी होतात, म्हणजे कामाच्या दिवशी सरासरी एकही नाही. अट एवढीच की, त्या भेटीत तिने नोंदवही न तपासता आशाचे काम पाहावे. त्याआधी गटप्रवर्तकांनाही रुग्णालयाच्या वॉर्डात मार्गदर्शक परिचारिकेच्या शेजारी काही दिवस घालवावे लागतील. प्रत्येक शिकणाऱ्या व्यक्तीकडे प्रकरणांची एक साधी वही असावी : आईची अडचण काय होती, काय केले, पुढच्या भेटीत काय दिसले आणि मार्गदर्शकाने काय सुधारले. ठरावीक प्रकरणे देखरेखीखाली झाल्याशिवाय प्रशिक्षण ‘पूर्ण’ असा शिक्का मारू नये. मार्गदर्शक परिचारिकेची दर काही महिन्यांनी दुसऱ्या विभागात बदली झाली तर सगळेच विस्कटेल, म्हणून तिला त्या जागी किमान काही वर्षे ठेवावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचे झाल्यानंतरपर्यंत समुपदेशनाच्या किमान सहा भेटी सुचवल्या आहेत. आपल्या गृहभेटींच्या वेळापत्रकात तेवढ्या भेटी बसतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी मराठवाड्यातली कुटुंबे मात्र त्यातून निसटतात. फडावर गेलेल्या बाळंतिणीपर्यंत कोणती आशा पोहोचणार, हे सासर, माहेर आणि कारखान्याचा तालुका यांनी मिळून ठरवावे लागेल.

आईने काय पाहावे, काय विचारावे

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत काही गोष्टी कुटुंबाने जाणून घेणे उपयोगाचे आहे. नवजात बाळ दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा छातीला लागते. ही मागणी दूध कमी असल्याचे लक्षण नसते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी होणे, ही दूध पुरत असल्याची चांगली खूण आहे. पाजताना सुरुवातीच्या क्षणांनंतरही दुखत राहिले, तर सहन करत बसू नये, पकड तपासून घ्यावी. बाळ सुस्त पडले, चोखणे बंद झाले, लघवी कमी झाली, कावीळ पायांपर्यंत पोहोचली किंवा आईला ताप येऊन छातीचा भाग लाल झाला, तर गृहभेटीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शहरात पैसे मोजून सल्लागार घेणाऱ्यांनी पदवीच्या अक्षरांबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : तुम्ही प्रत्यक्ष किती मातांबरोबर आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकलात? चांगला सल्लागार या प्रश्नाने नाराज होत नाही. गावातल्या आईला असा प्रश्न विचारण्याची संधी नसते. तिच्या दारात येईल तीच तिची सल्लागार. म्हणून तिच्या वतीने हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. पुढच्या ऑगस्टमध्ये अहवाल सादर होतील तेव्हा प्रशिक्षित आशांच्या संख्येपुढे आणखी एक रकाना असावा. त्यांपैकी किती जणींनी जाणत्या व्यक्तीच्या नजरेखाली किती बाळंतिणींना मदत केली, हे त्यात लिहिलेले असावे. आज तो रकाना कोणी मागत नाही, म्हणून तो भरलाही जात नाही.